रसायनशास्त्राचे शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकरोडला मी आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. निम्मी मुलं मराठी माध्यमाची, निम्मी सेमी इंग्रजीची, आणि घरी गेल्यावर सगळीच मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघतात. त्यामुळे एका वस्तूला तीन नावं आणि एका नावाच्या तीन वस्तू, हा घोळ रोजचाच. शिवाय यातले बरेचसे शब्द घरात आधीपासून वापरात असतात, फक्त वेगळ्या अर्थाने. मुलं अडतात ती बहुतेक तिथेच. खालचे प्रश्न माझ्या हजेरीच्या वहीच्या मागच्या पानांवर साठत गेलेले आहेत. क्रम पुस्तकातल्या धड्यांचा नाही.

अणू म्हणजे ॲटम की मॉलिक्यूल?

मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत परमाणु म्हणजे ॲटम आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल. मुंबई-आग्रा रस्त्याने सेंधवा ओलांडलं की त्याच शब्दाचा अर्थ बदलतो म्हणा ना. लक्षात ठेवायला एक खूण आहे. आपण अणुबॉम्ब आणि अणुऊर्जा म्हणतो, तर हिंदी पाटीवर 'परमाणु ऊर्जा' असतं. गोष्ट दोन्हीकडे ॲटमचीच आहे.

व्हिडिओ बघू नका असं मी सांगत नाही, सांगून कोण ऐकतं? पण हिंदीत बघाल तर वहीत चार जोड्या आधी लिहून घ्या. हिंदी तत्व म्हणजे आपलं मूलद्रव्य, यौगिक म्हणजे संयुग, विलयन म्हणजे द्रावण आणि अपचयन म्हणजे क्षपण. पाचवी जोडी सगळ्यांत घातक आहे, तिला खाली वेगळा प्रश्न दिला आहे.

रेणू आणि संयुग एकच ना?

नाही. अणू एकमेकांना बांधले गेले आणि त्यांचा एक सुटा गट झाला की तो रेणू. ते अणू एकाच मूलद्रव्याचे असले तरी चालतं. हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात आणि दोन्ही ऑक्सिजनचेच. तो रेणू आहे, संयुग नाही. पाण्यात हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. तो रेणूही आहे आणि संयुगही.

मीठ संयुग आहे, पण त्याचा सुटा रेणूच नसतो. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोरीनचे आयन, म्हणजे विद्युतप्रभार असलेले अणू, एकाआड एक, वर-खाली, आजूबाजूला रचलेले असतात. कोणता सोडियम कोणत्या क्लोरीनचा, हे तिथे सांगताच येत नाही. 'मिठाचा रेणू' असं उत्तरात लिहिलेलं दिसलं की माझा लाल पेन थांबतो.

इलेक्ट्रॉन देऊन टाकल्यावर अणू धन कसा होतो? दिल्यावर तर कमी व्हायला हवं!

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि मला तो फार आवडतो. उत्तर मराठी शब्दांतच बसलेलं आहे. ऋण म्हणजे कर्ज. इलेक्ट्रॉनवरचा प्रभार ऋण, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉन हे अणूच्या डोक्यावरचं एक कर्ज समजा. केंद्रकातले प्रोटॉन ही त्याची जमा. सोडियमकडे जमा ११ आणि कर्ज ११, हिशेब शून्यावर. त्याने एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकला की कर्ज राहिलं १० आणि जमा मात्र ११ च. खातं एकाने धन झालं. क्लोरीनने ते कर्ज अंगावर घेतलं, तो एकाने ऋण झाला.

सोसायटीच्या पीककर्जाची भाषा घरात रोज ऐकणाऱ्या पोरांना हे एका वाक्यात कळतं. मग संयुजाही कळते: किती इलेक्ट्रॉनांची देवघेव किंवा भागीदारी केली, तो आकडा. सोडियम १, मॅग्नेशियम २, ॲल्युमिनियम ३, ऑक्सिजन २. लोखंड मात्र कधी २, कधी ३.

क्षार म्हणजे बेस ना?

हीच ती पाचवी जोडी. हिंदीत क्षार म्हणजे बेस, आणि सॉल्टला म्हणतात लवण. मराठीत क्षार म्हणजे सॉल्ट, आणि बेसला म्हणतात आम्लारी. मी स्वतः शाळेत असताना मामेभावाचं हिंदी गाइड वाचून चाचणीत 'आम्ल अधिक क्षार बरोबर लवण' असं लिहिलं होतं. दोन मार्क गेले, आणि बाईंनी वर्गापुढे विचारलं, 'काय गं, माहेर बदललं का?'

आम्लारी हा शब्द बघायला अवघड वाटतो, पण फोडला की सोपा आहे. आम्ल अधिक अरी. अरी म्हणजे शत्रू, जसा मुराचा अरी मुरारी. आम्लाचा शत्रू तो आम्लारी. दोघे भिडले की एकमेकांचा गुण मारतात, त्याला उदासिनीकरण म्हणतात, आणि मागे उरतात क्षार आणि पाणी.

बोअरच्या पाण्यात 'क्षार' आहेत म्हणतात, म्हणजे मीठ आहे का?

मीठ हा अनेक क्षारांतला एक. रसायनशास्त्रात क्षार हे आडनाव समजा आणि सोडियम क्लोराइड हे त्या घरातलं एक नाव. बोअरच्या पाण्यात बहुधा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात, म्हणून साबणाला फेस येत नाही. गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोंडाशी जी पांढरी खपली धरते ती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. तिच्यावर लिंबू पिळून बघा, बारीक बुडबुडे येतील. तो कार्बन डायऑक्साइड. आम्ल आणि कार्बोनेट भेटले की तो सुटतोच.

अल्क आणि आम्लारी यांत फरक?

जे आम्लारी पाण्यात चांगलं विरघळतं ते अल्क. सगळी अल्कं आम्लारी असतात, उलट नाही. आजी राखेने भांडी घासायची, त्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणून राखेचं पाणी हाताला बुळबुळीत लागतं. इंग्रजीतला अल्कली हा शब्द मूळ अरबी आहे आणि त्याचा अर्थच वनस्पतीची राख.

सामू म्हणजे काय? पीएच वेगळा आणि सामू वेगळा का?

एकच. पुस्तकात सामू, माती परीक्षणाच्या कागदावर सामू, आणि लॅबवाल्याच्या तोंडात पीएच. डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये ही मोजपट्टी मांडली. ते कोपनहेगनच्या एका बीअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करत होते. आंबवण्याच्या कामात आंबटपणा नेमका मोजण्याची गरज होती, त्यातून हे निघालं.

शुद्ध पाण्याचा सामू २५ अंश सेल्सिअसला ७. त्याखाली आम्लधर्मी, त्यावर आम्लारीधर्मी. लिंबाचा रस २ च्या आसपास, द्राक्षाचा रस ३ ते ४ मध्ये, माणसाचं रक्त ७.४, खाण्याच्या सोड्याचं पाणी ८ च्या थोडं वर. आपल्याकडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू बहुधा ७ च्या वरच असतो.

मुलं जिथे चुकतात ती गोष्ट म्हणजे ही पट्टी फूटपट्टीसारखी नाही. सामू ६ वरून ५ वर आला की आम्लपणा १० पट वाढतो, ४ वर आला की १०० पट. 'एकानेच तर कमी झाला' असं इथे म्हणता येत नाही.

दर्शक घरी मिळेल का? लिटमस पेपर महाग पडतो.

दर्शक म्हणजे रंग बदलून आम्ल की आम्लारी ते सांगणारा पदार्थ. हळद आहे ना. हळदीचा डाग पडलेल्या शर्टला साबण लावला की डाग लाल होतो, ते दर्शकाचंच काम. साबण आम्लारीधर्मी असतो. पारंपरिक कुंकूसुद्धा हळदीला चुना लावूनच लाल करतात.

हळदीची अडचण अशी की ती आम्ल दाखवत नाही, पिवळी ती पिवळीच राहते. दोन्ही दाखवणारं हवं असेल तर काळी द्राक्षं आणा. सालं तेवढी सोलून कोमट पाण्यात चुरगाळा आणि गाळून घ्या. त्या जांभळट पाण्यात लिंबू पिळलं की लालबुंद होतं, खाण्याचा सोडा टाकला की निळसर-हिरव्याकडे झुकतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये हा प्रयोग नाशिकइतका स्वस्त दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही. फक्त द्राक्षं आधी नीट धुवा.

आणि लिटमस कशापासून होतो ते ठाऊक आहे? दगडफुलाच्या जातकुळीतल्या लायकेनपासून. तुमच्या काळ्या मसाल्यातलं दगडफूल त्याचंच भाऊबंद.

बोर्डो मिश्रण हे मिश्रण आहे की संयुग?

बोर्डो म्हणजे द्राक्षावर फवारायचं बुरशीनाशक. पिंपळगावहून येणाऱ्या एका मुलाने हा प्रश्न विचारला तेव्हा मी वर्ग थांबवला आणि उरलेला तास त्यावरच घालवला. कारण या एका ड्रममध्ये अर्धा धडा आहे.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षाचा मळा. पाऊस लांबला आणि पानांवर केवडा रोग दिसायला लागला की वडील बोर्डो करायचे. १ टक्क्याचं प्रमाण ठरलेलं: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते फडक्यात बांधून प्लास्टिकच्या ड्रममध्ये पाण्यात लोंबकळत सोडायचं, म्हणजे विरघळतं. हे झालं द्रावण: मोरचूद द्राव्य, पाणी द्रावक. दुसऱ्या ड्रममध्ये चुना विझवायचा. कळीचा चुना पाण्यात पडला की फसफसतो आणि ड्रम बाहेरून हाताला गरम लागतो. ही उष्मादायी अभिक्रिया.

मग दोन्ही एकदम तिसऱ्या ड्रममध्ये ओतायचं आणि काठीने ढवळत राहायचं. स्वच्छ निळं पाणी बघता बघता आकाशी, दह्याच्या निवळीसारखं गढूळ होतं. तळाशी बसू बघणारा तो निळसर गाळ म्हणजे अवक्षेप. तांबं सल्फेटला सोडून चुन्यातल्या हायड्रॉक्साइडशी जुळलं, आणि कॅल्शियम सल्फेटकडे गेला. जोडीदारांची अशी अदलाबदल झाली की तिला दुहेरी विस्थापन म्हणतात. ढवळणं थांबवलं की गाळ खाली बसतो, म्हणून हे निलंबन. फवारणी चालू असताना पंपात ते हलतं राहावं लागतं ते यासाठीच.

आता शेवटची गंमत. वडील विळ्याचं पातं घासून लख्ख करायचे आणि मिनिटभर ड्रममध्ये बुडवून बाहेर काढायचे. पात्यावर तांबूस थर दिसला की म्हणायचे, 'चुना कमी पडलाय, ओत अजून.' चुना कमी असला तर काही मोरचूद तसंच द्रावणात उरतं. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील. ते तांब्याला द्रावणातून हुसकावून लावतं आणि स्वतः आत जातं. तांबं पात्यावर येऊन बसतं. हे साधं विस्थापन. लोखंडी टाकीत बोर्डो करत नाहीत त्याचं कारणही हेच. वडिलांना विस्थापन हा शब्द माहीत नव्हता. मला नववीत तो शिकवला तेव्हा विळा आठवला नाही, ही माझी चूक की पुस्तकाची हे मी अजून ठरवलेलं नाही.

तर मूळ प्रश्न. नाव मिश्रण असलं तरी आत अभिक्रिया झालेली आहे. जे ओतलं ते आता तिथे नाही, नवे पदार्थ आहेत. पण ते नवे पदार्थ, पाणी आणि उरलासुरला चुना एकत्र तरंगतायत, त्या अर्थाने मिश्रणही आहे. परीक्षेत असा प्रश्न आला तर दोन्ही वाक्यं लिहा. नाव फ्रान्समधल्या बोर्डो गावावरून आलं. तिथले मिलार्दे यांनी १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना भीती वाटावी म्हणून लोक असलं काहीतरी निळं शिंपडत, आणि त्याच वेली रोगातून वाचल्याचं त्यांच्या लक्षात आलं होतं.

खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश लिहितात. हे आवर्तसारणीत सापडत नाहीत.

नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, पालाश म्हणजे पोटॅश, त्यातलं मूलद्रव्य पोटॅशियम. असेच कर्ब म्हणजे कार्बन, गंधक म्हणजे सल्फर, जस्त म्हणजे झिंक, कथील म्हणजे टिन, शिसं म्हणजे लेड. शाळेच्या पुस्तकात आता नायट्रोजन, फॉस्फरस असंच लिहितात आणि शेतात जुने शब्द टिकलेत. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला निम्मी आवर्तसारणी आधीच येत असते, फक्त त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

यूरिया सेंद्रिय की रासायनिक?

विचारणारा कोण आहे त्यावर उत्तर आहे. कृषी सहायकाने विचारलं तर रासायनिक खत. रसायनशास्त्राच्या पेपरात विचारलं तर सेंद्रिय संयुग, म्हणजे कार्बनी संयुग. सेंद्रिय शेतीतलं 'सेंद्रिय' म्हणजे सजीवांपासून आलेलं. रसायनशास्त्रातही एके काळी तोच अर्थ होता. असे पदार्थ फक्त सजीवांच्या शरीरातच तयार होतात असं मानत. १८२८ मध्ये जर्मनीत व्होलर यांनी प्रयोगशाळेत निर्जीव पदार्थापासून यूरिया बनवला आणि तो समज ढासळायला सुरुवात झाली. शब्द मात्र राहिला.

पोत्यावर ४६ टक्के नत्र लिहिलेलं असतं, तेही आपण काढू शकतो. यूरियाच्या रेणूत १ कार्बन, १ ऑक्सिजन, २ नायट्रोजन, ४ हायड्रोजन. अणुवस्तुमानं १२, १६, १४ आणि १. बेरीज १२ + १६ + २८ + ४ = ६०. त्यात नायट्रोजन २८. २८ भागिले ६० म्हणजे ४६.६७ टक्के. ४५ किलोच्या पोत्यात साधारण पावणेएकवीस किलो नत्र. रेणुवस्तुमान हा शब्द रटून पाठ होत नसेल तर हे गणित एकदा स्वतः करा.

सोडियमची संज्ञा एस-ओ का नाही? एन-ए कुठून आलं?

लॅटिन नावांवरून. सोडियमचं नेट्रियम, पोटॅशियमचं कॅलियम म्हणून के, लोखंडाचं फेरम म्हणून एफ-ई, तांब्याचं क्युप्रम म्हणून सी-यू, चांदीचं अर्जेंटम म्हणून ए-जी, सोन्याचं ऑरम म्हणून ए-यू, शिशाचं प्लंबम म्हणून पी-बी. नळाचं काम करणारा प्लंबर याच प्लंबमवरून आला, कारण पूर्वी नळ शिशाचे असत. अक्षरांच्या संज्ञांची ही पद्धत स्वीडनच्या बर्झेलियस यांनी १८१३ च्या सुमारास आणली. आज मूलद्रव्यं ११८ आहेत, पण दहावीपर्यंत पहिली २० आणि हे सातआठ धातू पुरतात.

पहिलं अक्षर मोठ्या लिपीत, दुसरं लहान. सी मोठा आणि ओ लहान असेल तर कोबाल्ट धातू. दोन्ही मोठे असतील तर कार्बन मोनॉक्साइड, विषारी वायू.

समस्थानिक म्हणजे काय? उदाहरण जवळचं द्या.

लासलगाव. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' नावाचं विकिरण केंद्र २००२ मध्ये सुरू झालं. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून त्यावर गॅमा किरण सोडतात. २००७ मध्ये भारतातून अमेरिकेला पुन्हा आंबे गेले तेही इथून विकिरण करून. हे किरण येतात कोबाल्ट-६० पासून.

निसर्गात सापडणारा कोबाल्ट असतो कोबाल्ट-५९. दोघांत प्रोटॉन २७ च, म्हणून दोघे कोबाल्टच आणि आवर्तसारणीत दोघांचं घर एकच. समस्थानिक म्हणजे त्याच स्थानावरचे. फरक न्यूट्रॉनचा: एकात ३२, दुसऱ्यात ३३. त्या एका जास्तीच्या न्यूट्रॉनमुळे कोबाल्ट-६० अस्थिर होतो आणि किरण सोडत राहतो. सुमारे सव्वापाच वर्षांत तो निम्मा उरतो, त्या काळाला अर्धायुकाल म्हणतात.

कांदा किरणोत्सारी होतो का? नाही. किरण आरपार जातात, कोबाल्ट कांद्यात शिरत नाही.

मोल म्हणजे किंमत का?

मोलकरीण आणि अनमोल मधला मोल वेगळा. हा मोल मॉलिक्यूलच्या घरातला आहे.

लासलगावच्या बाजारात कांदा कोणी मोजत नाही, तोलतं. इतक्या बारीक आणि इतक्या जास्त वस्तू मोजायच्या कशा, तर तोलून. मोल तेच काम करतो. एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. ६०२२ लिहा आणि पुढे वीस शून्य द्या. पाण्याचं रेणुवस्तुमान १८, म्हणून १८ ग्रॅम पाण्यात तेवढे रेणू असतात. १८ ग्रॅम म्हणजे साडेतीन चहाचे चमचे. एवढ्या संख्येपुढे काही बोलावंसं वाटत नाही.

द्राक्षाचा बेदाणा होतो तो भौतिक बदल की रासायनिक?

मुख्यतः भौतिक. पाणी उडून जातं, साखर आत तीच राहते. बागायतदार द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून सुकवतात, त्याने सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि पाणी लवकर निघतं. उन्हात वाळवलेला बेदाणा तपकिरी होतो, तो रंग मात्र रासायनिक बदलाचा.

त्याच द्राक्षाची वाइन झाली तर बदल सरळ रासायनिक. यीस्ट ग्लुकोज खातं आणि एका रेणूमागे इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बाहेर टाकतं. याला किण्वन म्हणतात, घरी आपण आंबवणं म्हणतो. इडलीचं पीठ फुगतं तेही तसंच, तिथे काम बहुतांशी जिवाणूंचं असतं.

ब्रिक्स हा रसायनशास्त्रातला शब्द आहे का?

आहे, पाठ्यपुस्तकात नसला तरी. ही संहतीच, म्हणजे द्रावणात द्राव्य किती त्याचं माप. १८ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण १८ ग्रॅम साखर. एका मुलाने घरून ब्रिक्स मीटर आणलं होतं. काचेवर द्राक्षाचा एक थेंब, झाकण बंद, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, आत निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा आकड्यावर. वर्गाने डबे उघडून लिंबू सरबत आणि बाटलीतला चहासुद्धा मोजला. त्यानंतर संहत आणि विरल हे शब्द मला पुन्हा समजावून सांगावे लागले नाहीत.

संप्लवन कुठे बघायला मिळेल?

कापूर. स्थायूतून थेट वायू, मधे द्रव नाही.

पुस्तकात नवसागराचंही उदाहरण असतं, आणि ते बघायचं तर कल्हईवाला गाठा. नाशिकच्या तांबट गल्लीच्या बाजूला अजून एखादा भेटतो. भांडं निखाऱ्यावर लालसर तापवतो, नवसागराची चिमूट टाकतो, भस्सकन पांढरा धूर येतो, कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने फिरवतो. तांब्याचं भांडं आतून चांदीसारखं होतं. कथील २३२ अंशांना वितळतं, तांब्याला १०८५ लागतात, म्हणून भांडं शाबूत राहतं. खरं बघितलं तर नवसागर नुसता उडत नाही. तो तापून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड अशा दोन वायूंत फुटतो, त्यातला दुसरा भांड्याचा मळ काढतो, आणि हवेत दोघे गार होऊन पुन्हा जुळले की तो पांढरा धूर. परीक्षेत संप्लवन लिहा, मार्क मिळतील.

क्षार, क्षरण, क्षपण. कायम उलटसुलट होतं.

क्षार झाला. क्षरण म्हणजे धातू झिजणं: लोखंड गंजतं, चांदी काळी पडते. क्षपण म्हणजे ऑक्सिजन काढून घेणं किंवा इलेक्ट्रॉन मिळणं, ऑक्सिडीकरणाच्या उलट. क्षरणात धातूचं ऑक्सिडीकरण होतं, तेव्हा क्षरण आणि क्षपण एकमेकांच्या विरुद्ध टोकांना उभे आहेत असं धरा.

मराठीत या सगळ्यासाठी एक सुरेख शब्द आधीपासून आहे, कळकणं. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. ताकातल्या आम्लाने तांबं आणि जस्त विरघळून ताकात उतरलेलं असतं. तसलं ताक पिऊ नये, हे आजीला ऑक्सिडीकरण न शिकता ठाऊक होतं.

शुद्ध दूध हा शुद्ध पदार्थ आहे का?

नाही, मिश्रण आहे. शुद्ध म्हणजे भेसळ नसलेलं, हा दुकानातला अर्थ. एकच पदार्थ असलेलं, हा रसायनशास्त्रातला.

वजन आणि वस्तुमान?

वस्तुमान चंद्रावरही तेवढंच, वजन नाही. रसायनशास्त्रात सगळीकडे वस्तुमान लिहा.

अकरावीला सगळं इंग्रजीतच आहे, तर मराठी शब्द शिकून काय उपयोग?

दोन्ही शब्द एकाच वेळी, वहीच्या एकाच ओळीत लिहा आणि पुढे त्या वस्तूचं उदाहरण. अवक्षेप, प्रेसिपिटेट, बोर्डोचा गाळ. एवढंच. मराठी शब्द बहुधा अर्थासकट येतो, आम्लारी फोडता येतं, बेस फोडता येत नाही. इंग्रजी शब्द पुढे लागणारच आहे, त्याच्याशी भांडण नाही. शब्द अडला तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आता इंटरनेटवर फुकट बघता येतात.

घरी प्रयोग करताना काय टाळायचं?

लिंबू, सोडा, हळद, चुन्याची निवळी, द्राक्षाची सालं, यांच्याशी हवं तेवढं खेळा. संडास-बाथरूम धुवायच्या ॲसिडला हात लावू नका, आणि ते ब्लीचिंग पावडरमध्ये किंवा कपड्यांच्या ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो क्षणात छातीत भरतो. शाळेत सरांनी आम्ल विरल करायला सांगितलं तर पाण्यात आम्ल थोडं थोडं ओता. आम्लात पाणी ओतलं तर ते जागच्या जागी उकळून तोंडावर उडतं. आणि मोरचूद निळं, सुंदर, खडीसाखरेसारखं दिसतं म्हणून दप्तरात घालून आणू नका. दर वर्षी एकजण आणतोच.